अर्धे पाणी, अर्धे स्पिरिट

धाराशिव जिल्ह्यातला ऊस ढोकीच्या तेरणा, कळंब तालुक्यातल्या रांजणीच्या नॅचरल शुगर, चोराखळीच्या धाराशिव आणि अशाच आणखी काही कारखान्यांकडे जातो. दुष्काळी पट्ट्यात ऊस असावा की नसावा हा वाद जुना आहे, तो इथे उकरायचा नाही. कारखान्याचे गेट ओलांडून आत गेले की रस, वाफ आणि भुशाच्या पलीकडे एक मजला लागतो. त्याला पॅन स्टेशन म्हणतात. रसायनशास्त्रातला एक विलक्षण प्रश्न तिथे रोज तीन पाळ्यांत सोडवला जातो, आणि सोडवणाऱ्याला तो प्रश्न वाटतही नाही.

पॅन म्हणजे निर्वातात पाक उकळायचे प्रचंड भांडे. आतली हवा पंपाने ओढून काढलेली असते, त्यामुळे पाक 60 ते 70 अंश सेल्सियसलाच उकळतो आणि साखर करपत नाही. पाणी उडत जाते, पाक घट्ट होतो, आणि एक वेळ अशी येते की पाण्याच्या ऐपतीपेक्षा जास्त साखर त्यात विरघळलेली असते. या अवस्थेला अतिसंपृक्त म्हणतात. तिथे दाणा धरायला निमित्त लागते, आणि ते पॅनमन देतो. त्याच्याजवळ दळलेल्या साखरेची स्लरी तयार असते. साखर बॉल मिलमध्ये तासन्‌तास दळलेली, तीही पाण्यात नव्हे तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये. झडप उघडली की निर्वाताच्या ओढीने स्लरी आत खेचली जाते. स्पिरिट उष्णतेने क्षणात उडून जाते, आणि मागे राहिलेले साखरेचे सूक्ष्म कण पाकातली साखर अंगावर घेत वाढू लागतात. पॅनमन अधूनमधून नमुना काढून काचपट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरून पाहतो. सगळे दाणे एकसारखे दिसले तर ठीक. मधेच बारीक भुकटी दिसली तर 'फॉल्स ग्रेन' धरले, आता पाणी मारून ते विरघळवा.

स्लरीतल्या एका कणाची जाडी 10 मायक्रॉन धरली, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग, तर एक ग्रॅम साखरेत असे सुमारे 60 कोटी कण भरतात. पोत्यातला दाणा साधारण मिलिमीटरभर. लांबी शंभर पट झाली म्हणजे वजन दहा लाख पट झाले. तेव्हा कागदावरच्या हिशोबात एक ग्रॅम स्लरी-साखरेतून एक टन साखरेचे दाणे उभे राहतात. प्रत्यक्षात वाटेत काही कण विरघळतात, काही एकमेकांना चिकटतात, पण हिशोबाचा आवाका हाच.

हे सगळे एका गोष्टीवर उभे आहे: साखर स्पिरिटमध्ये जवळपास विरघळत नाही. तीच भुकटी पाण्यात कालवली असती तर एका लिटर पाण्याने दोन किलो साखर सहज पोटात घेतली असती आणि स्लरीऐवजी नुसता पाक हाती आला असता.

एक ग्रॅम साखर विरघळवायला अर्धा मिलिलिटर पाणी पुरते. तीच एक ग्रॅम 95 टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवायची तर 170 मिलिलिटर लागते. फरक 340 पटींचा आहे. गंमत अशी की पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत हव्या त्या प्रमाणात मिसळतात. मग अर्धे पाणी आणि अर्धे स्पिरिट घेतले तर साखर किती विरघळेल?

शाळकरी उत्तर सरासरीचे. 100 मिलिलिटर पाण्यात 200 ग्रॅम, तेवढ्याच स्पिरिटमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर, म्हणून मिश्रणात 100 ग्रॅम. हे उत्तर चुकीचे आहे. औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी दुसरे उत्तर देईल. अमेरिकेतल्या सॅम्युएल याल्कोव्स्की यांनी 1972 पासून सहकाऱ्यांसह मांडलेले सूत्र त्याला पाठ असते: मिश्रणात सरासरी घ्यायची ती विद्राव्यतेची नव्हे, विद्राव्यतेच्या लॉगॅरिदमची. म्हणजे दुसऱ्या द्रावकाचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढवले की विद्राव्यता दर वेळी ठरावीक आकड्याने बदलत नाही, ठरावीक पटीने बदलते. तेलकट स्वभावाच्या औषधांना हे सूत्र इतके चांगले लागू पडते की आजही पहिला अंदाज त्यानेच काढतात. साखरेला ते लावले तर उत्तर येते 100 मिलिलिटरला साधारण 11 ग्रॅम.

हेही चुकीचेच. अर्ध्या-अर्ध्या मिश्रणात साखर प्रत्यक्षात 11 च्या कितीतरी वर आणि 100 च्या बरीच खाली विरघळते. विद्राव्यतेच्या लॉगचा आलेख काढला तर दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या वर तो कमानीसारखा फुगतो. ही कमान का येते आणि किती उंच येते, याचे उत्तर दोन टोके कितीही नीट मोजली तरी त्यातून मिळत नाही. या क्षेत्रातले शंभर-सव्वाशे वर्षांचे काम मुख्यतः या मधल्या जागेबद्दल आहे.

कारण मिश्रण हा तिसराच द्रावक असतो. 50 मिलिलिटर पाणी आणि 50 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल मोजपात्रात एकत्र ओता. शंभर होत नाहीत, 96 ते 97 च्या दरम्यान भरतात आणि पात्र हाताला कोमट लागते. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. अल्कोहोलच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे तेलकट टोक पाण्याला नको असते. दोघे एकत्र आले की जुने बंध सुटतात, नवे जुळतात आणि मोकळ्या जागा भरल्या जातात. अशा मांडणीत साखरेचा किंवा औषधाचा रेणू शिरला की त्याच्याभोवती कोण गोळा होणार, पाणी की अल्कोहोल, हे बाहेरच्या प्रमाणावरून ठरत नाही. ज्याच्याशी जमते त्याची गर्दी जास्त होते.

ही मांडणी दिसत नाही, पण तिचा अदमास घेता येतो, आणि तसे काम मराठवाड्यातच झाले आहे. धाराशिवची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्या औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. सी. मेहरोत्रा, एस. एम. पुराणिक आणि ए. सी. कुंभारखाणे यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी आणि अल्कोहोलवर्गीय द्रवांच्या मिश्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत अशी: विजेचा अतिशय चटकन चढणारा स्पंद तारेतून द्रवात सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी तपासायचा. द्रवाचे रेणू विजेच्या क्षेत्रात वळायला किती वेळ घेतात ते त्यातून कळते. शुद्ध पाण्याला 25 अंशाला सुमारे 8 पिकोसेकंद लागतात, इथेनॉलला त्याच्या वीसएक पट. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. मिश्रणात हा वेळ दोन टोकांच्या सरळ सरासरीने जात नाही. तो कुठे आणि किती वाकतो यावरून कोणत्या प्रमाणात दोन्ही रेणूंची बांधणी घट्ट होते याचा अंदाज बांधता येतो. प्रा. कुंभारखाणे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात गेले आणि हे काम तिकडेही सुरू राहिले.

विद्राव्यता मोजणे मात्र याच्या मानाने फार साधे काम आहे, निदान ऐकायला. लागणारी उपकरणे कुठल्याही एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत असतात: काचेच्या बुचाचे शंकूपात्र, तापमान स्थिर ठेवणारे जलपात्र, चुंबकी ढवळणी आणि चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा तराजू. पाणी आणि अल्कोहोल वजनाने मिसळायचे, आकारमानाने नाही. कारण वर पाहिलेच, आकारमान दगा देते. मग त्यात पदार्थ जास्तीचा टाकायचा, इतका की तळाशी न विरघळलेला थर कायम राहील. बूच घट्ट लावायचे, नाहीतर अल्कोहोल उडून प्रमाणच बदलते. मग ढवळत ठेवायचे.

किती वेळ? इथेच बहुतेक जण फसतात. मिठासारखे पदार्थ लवकर स्थिरावतात. साखरेचा दाट पाक चिकट असतो, त्यात शेवटचे काही कण विरघळायला दिवस लागू शकतात. म्हणून काळजीचा संशोधक दोन बाजूंनी येतो. एक पात्र ठरलेल्या तापमानाला ठेवून वरपर्यंत विरघळवत नेतो. दुसरे आधी गरम करून जास्त विरघळवतो आणि मग त्याच तापमानाला उतरवून जादा साखर खाली बसू देतो. दोन्हींची उत्तरे जुळली तरच आकडा वहीत चढतो. जुळली नाहीत तर अजून थांबायचे. रात्री वीज जाऊन जलपात्र थंड झाले तर सगळे पहिल्यापासून.

ढवळणे थांबवून गाळ खाली बसला की वरचा निवळ द्रव पिपेटने घ्यायचा, आणि पिपेट आधीच द्रवाइतकी गरम करून ठेवायची. थंड पिपेटमध्ये तोंडाशीच स्फटिक धरतात आणि नमुना पातळ निघतो. त्यात साखर किती हे ठरवायला कारखान्यात ब्रिक्स पाहायची सवय असते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवला की आकडा दिसतो. मिश्रणात ही सवय कामाची नाही, कारण प्रकाश अल्कोहोलनेही वाकतो आणि उपकरण त्यालाही साखर समजते. इथे पोलारीमीटर उपयोगी पडतो. साखरेचे द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवते, अल्कोहोल आणि पाणी ते जराही फिरवत नाहीत. किंवा मग नमुना वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा. आणि शेवटी तळाचा गाळही तपासायचा. काही औषधांचे स्फटिक मिश्रणात राहून रूप बदलतात किंवा द्रावक स्वतःत धरून ठेवतात. मग आपण ज्या पदार्थाची विद्राव्यता मोजतो आहोत असे वाटते, तो तळाशी उरलेलाच नसतो.

एवढे करूनही आकडे सरकतात. साखरेइतका ओळखीचा पदार्थ, पाण्याइतका साधा द्रावक आणि 20 अंश तापमान. 1892 मध्ये हर्झफेल्ड यांनी दिलेला आकडा 100 ग्रॅम पाण्याला 203.9 ग्रॅम होता, आणि तो कित्येक दशके पुस्तकांतून छापला गेला. 1960 मध्ये चार्ल्स यांनी आणि त्यानंतर दोन वर्षांत व्हाव्रिनेट्झ यांनी काळजीपूर्वक मापन करून जी समीकरणे दिली, त्यांतून 199 ते 201 च्या दरम्यानचे आकडे येतात. तीन-चार ग्रॅमचा फरक दुकानदाराला काहीच नाही. पण अतिसंपृक्तता म्हणजे याच आकड्याने भागलेला आकडा. नवा दाणा आपोआप धरू नये आणि जुना मात्र वाढत राहावा यासाठी पॅनमन पाकाला ज्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवतो, त्याची रुंदी अशा थोड्याशा टक्क्यांचीच असते.

औषधांच्या बाबतीत परिस्थिती याहून अवघड आहे. एकाच औषधाची पाण्यातली विद्राव्यता वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजली की उत्तरांत चौपट फरक पडल्याची उदाहरणे आहेत. 2008 मध्ये लिनास, ग्लेन आणि गुडमन यांनी केंब्रिजहून जगाला एक आव्हान दिले: काळजीपूर्वक मोजलेल्या 100 औषधांचे आकडे घ्या आणि उरलेल्या 32 औषधांची पाण्यातली विद्राव्यता सांगून दाखवा. द्रावक एकच, तापमानही ठरलेले. तरी संगणकांना घाम फुटला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी दुसरा मार्ग धरला. विद्यार्थ्यांनी सेंद्रिय द्रावकांतली विद्राव्यता मोजायची आणि रोजची वही, चुकांसकट, सर्वांसाठी उघडी ठेवायची. मला यातला दुसरा मार्ग जास्त पटतो. मोजलेल्या आकड्यांचा साठाच तोकडा असेल तर गणित कितीही देखणे असो, ते हवेतच राहते.

गणिताची सुरुवात मात्र सुंदर आहे. कॅलिफोर्नियातल्या जोएल हिल्डेब्रँड यांनी विद्राव्यतेवर 1916 पासून लिहायला घेतले, 1924 मध्ये त्यावर पुस्तक काढले आणि वयाची शंभरी ओलांडून 1983 मध्ये ते गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: द्रवाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात याचा एक आकडा काढता येतो. ज्या दोन पदार्थांचे आकडे जवळ, ते एकमेकांत मिसळतात. पाण्याचा आकडा सुमारे 48, इथेनॉलचा 26, ईथरचा 15. द्रावकांचे मिश्रण केले की आकडा दोघांच्या मधे कुठेतरी येतो.

यातून एक अजब शक्यता निघते. एक द्रावक पदार्थाला पुरत नाही, दुसराही पुरत नाही, पण दोघे एकत्र आले की पदार्थ विरघळतो. नायट्रोसेल्युलोजचे नेमके हेच होते. पायरॉक्सिलिन नावाचा त्याचा प्रकार नुसत्या ईथरमध्ये विरघळत नाही, नुसत्या अल्कोहोलमध्येही धड विरघळत नाही. दोन्ही मिसळले की दाट, पारदर्शक द्रव तयार होतो. त्याला कोलोडियन म्हणतात. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर कोलोडियन पसरून छायाचित्रे घ्यायची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढची काही दशके जगभर तिचेच राज्य होते. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये पडद्यावर आणलेला 'राजा हरिश्चंद्र' ज्या फिल्मवर उतरला, तीही नायट्रोसेल्युलोजचीच. ईथरचे 15 आणि इथेनॉलचे 26 यांच्या मधे 21 च्या आसपास या पदार्थाची जागा असते, आणि हिल्डेब्रँडचा आकडा तिथेच बोट ठेवतो.

पण एका आकड्यात सगळे मावत नाही. 1967 मध्ये डेन्मार्कमध्ये चार्ल्स हॅन्सेन यांनी रंग आणि लाखेच्या उद्योगासाठी त्याचे तीन तुकडे केले: साधे आकर्षण, विद्युत ध्रुवांचे आकर्षण आणि हायड्रोजन बंध. प्रत्येक पदार्थ म्हणजे तीन आकड्यांनी ठरलेला अवकाशातला एक बिंदू, आणि त्याच्याभोवती एक गोल. ज्या द्रावकाचा बिंदू गोलाच्या आत तो चालेल. गोलाबाहेरच्या दोन द्रावकांना जोडणारी रेषा गोलातून जात असेल तर त्यांचे योग्य मिश्रण चालेल. रंगाच्या कारखान्यात महाग थिनर टाळून दोन स्वस्त द्रावकांवर काम भागवायची युक्ती यातूनच येते. साखर आणि पाण्यासारख्या हायड्रोजन बंधांनी गच्च भरलेल्या जोडीपुढे हीसुद्धा लंगडी पडते, हे सांगितलेले बरे.

मधल्या कमानीला सरळ भिडणारे सूत्र इराणच्या अबोलघासेम जूयबान आणि टेक्सासच्या विल्यम अॅक्री यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात लॉगची सरळ सरासरी आहेच, शिवाय एक जादा पद आहे: दोन्ही द्रावकांच्या प्रमाणांचा गुणाकार, त्याला काही स्थिरांकांनी गुणलेले आणि तापमानाने भागलेले. शुद्ध पाण्यात हा गुणाकार शून्य होतो, शुद्ध अल्कोहोलमध्येही शून्य, आणि मधे फुगतो. मधल्या मोजक्या प्रमाणांत प्रयोग करून स्थिरांक काढले की उरलेली सगळी प्रमाणे आणि जवळपासची तापमाने सूत्रावर सोडता येतात. तत्त्व म्हणून हे फार खोल नाही, कारण कमान का आली ते सूत्र सांगत नाही. पण दीडशे मापनांचे काम पंधरा-वीस मापनांवर येते.

ही कमान आणि तिची घसरण घरातही दिसते. डेटॉलचे टोपण पाण्यात ओतले की निवळ, तांबूस द्रव एकदम दुधाळ होतो. बाटलीत त्याचे तेलकट घटक आणि क्लोरोझायलेनॉल आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साबणाच्या आधाराने विरघळलेले असतात. पाणी वाढले की अल्कोहोलचे प्रमाण पडते, आधार तुटतो आणि तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर येते. दवाखान्यात डायझेपामचे इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरही हेच पाहतात. ते औषध पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून प्रचलित इंजेक्शनात 40 टक्के प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि 10 टक्के अल्कोहोल असते. सलाइनमध्ये पातळ करायला जावे तर ते गढूळते. म्हणून ते दुसऱ्या इंजेक्शनांत मिसळत नाहीत आणि शिरेतून सावकाश देतात.

द्रावक निवडताना विद्राव्यतेशिवाय दुसरे काही पाहिले नाही तर काय होते, हे 1937 मध्ये अमेरिकेत दिसले. सल्फानिलामाइड हे तेव्हाचे गुणकारी औषध पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये हवे तेवढे विरघळेना. एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून गोड सरबत तयार केले. रंग, वास, चव तपासली, विषारीपणा तपासलाच नाही. शंभरावर माणसे दगावली, त्यांत बरीच मुले होती, आणि 1938 चा अमेरिकी औषध कायदा त्यातून आला. महाराष्ट्राला हाच पदार्थ 1986 मध्ये भेटला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ होती, 14 जणांचा जीव गेला, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनातले धागेदोरे उकलले. दिसायला, चवीला आणि विरघळवायच्या ताकदीत हे दोन द्रव इतके जवळचे आहेत की चाचणी न करता त्यांतला फरक ओळखू येत नाही.

चांगल्या बाजूचे उदाहरणही मुंबईचेच. कार्ल न्यूबर्ग यांनी 1916 मध्ये दाखवून दिले होते की काही विशिष्ट क्षार पाण्यात भरपूर टाकले की एरवी पाण्यात न विरघळणारे सेंद्रिय पदार्थ त्यात विरघळू लागतात. याला हायड्रोट्रॉपी म्हणतात. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. विलास गायकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना कामाला लावली. 2002 मध्ये काळ्या मिरीतले पायपरीन आणि 2003 मध्ये हळदीतले कर्क्युमिन या मार्गाने वेगळे काढल्याचे त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. एरवी याला हेक्झेन, अॅसिटोनसारखे ज्वालाग्राही द्रावक लागतात. इथे क्षाराचे दाट पाणी हळदीची पूड भिजवून कर्क्युमिन ओढून घेते. मग त्यात साधे पाणी वाढवायचे. क्षाराचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले की विद्राव्यता कोसळते आणि कर्क्युमिन खाली बसते. डेटॉलच्या टोपणात जे घडते ते इथे मुद्दाम घडवून आणलेले आहे.

कारखान्यातही शुद्ध पाणी नसतेच. उसाच्या रसात ग्लुकोज, फ्रुक्टोज, पोटॅशियमचे क्षार, सेंद्रिय आम्ले असतात, आणि साखर काढत गेले की ही मंडळी उरलेल्या पाकात दाटत जातात. शेवटच्या पॅनमध्ये साखरेच्या दृष्टीने द्रावक म्हणजे थोडे पाणी आणि पुष्कळ भानगड. ग्लुकोज-फ्रुक्टोज साखरेला पाण्याबाहेर ढकलतात. दाट झालेले क्षार, विशेषतः पोटॅशियमचे, तिला द्रावणात धरून ठेवतात. म्हणून मळीत इतकी साखर अडकते की कितीही उकळा, कितीही दिवस थंड करत ठेवा, ती दाणा धरत नाही. दर्बानच्या शुगर मिलिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये यासाठी एक सूत्र बसवले गेले, आणि ते जगभरचे साखरतज्ज्ञ वापरतात: मळीची गाठता येण्याजोगी शुद्धता म्हणजे 33.9 वजा 13.4 गुणिले, ग्लुकोज-फ्रुक्टोज भागिले राख, म्हणजे क्षार, याचा लॉग. दोन्ही सारखे असतील तर शुद्धता 33.9 च्या खाली न्यायची आशा धरू नये. ग्लुकोज-फ्रुक्टोज राखेच्या दुप्पट असतील तर जवळपास 30 पर्यंत उतरता येते. हा एवढाच फरक हजारो टन मळीला लावला तर पॅन स्टेशनवर दोष माणसाचा की उसाचा, हे कळायला मदत होते. पुण्याजवळ मांजरीला 1975 मध्ये स्थापन झालेल्या, आताच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये महाराष्ट्रातल्या कारखान्यांची माणसे शिकून येतात, ती याच हिशोबासाठी.

दाणा न धरणारी ही साखर यीस्टला मात्र चालते. आसवनीत मळी आंबवली की तिचे इथेनॉल होते, आणि पुन्हा पाणी आणि अल्कोहोलची तीच जोडी समोर येते. या वेळी प्रश्न त्यांना वेगळे करायचा. उकळून-थंडावून वजनाने 95.6 टक्क्यांपर्यंत जाता येते. त्यापुढे वाफेत आणि द्रवात दोघांचे प्रमाण सारखेच राहते आणि ऊर्ध्वपातन अडते. उरलेले पाणी काढायला झिओलाइटची आण्विक चाळणी लागते. तिची छिद्रे तीन अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा बाहेर राहतो. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चोराखळीच्या धाराशिव कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून वैद्यकीय ऑक्सिजन तयार केला, तोही चाळणीच्या याच तत्त्वावर. वेगळ्या जातीचा झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतो.

इथेनॉल इतके कोरडे करायचे कारणही विद्राव्यताच. पेट्रोल आणि इथेनॉल एकमेकांत छान मिसळतात, इथेनॉल आणि पाणीही मिसळतात, पण तिघे एकत्र आले की जमत नाही. दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल 15 अंशाच्या आसपास जेमतेम अर्धा टक्का पाणी सामावून घेते. त्याहून थेंबभर जास्त झाले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूला जाते आणि टाकीच्या तळाशी दोघांचा वेगळा थर साचतो. इंजिनला जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. तापमान उतरले की ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणूनच इंधनाचे इथेनॉल 99.5 टक्क्यांहून शुद्ध लागते आणि पंपावरच्या भूमिगत टाकीत पाणी शिरले आहे का, हे पट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तपासतात. पावसाळ्यात ही तपासणी अधिक काटेकोर करावी लागते.